रिफ्रेश केलं की चालतं, लिंकवरून आलं की चालत नाही: रेल्समधल्या पानापुरत्या स्क्रिप्ट आणि स्टाइलशीट

विक्री अहवालाच्या पानावर आलेख काढणारी स्क्रिप्ट आहे. ॲड्रेस बारमध्ये पत्ता टाकून पान उघडलं की आलेख दिसतो. डॅशबोर्डवरची लिंक दाबून त्याच पानावर आलं की आलेखाची जागा रिकामी, आणि कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नाही. रिफ्रेश केलं की आलेख पुन्हा हजर. मग कुणीतरी स्क्रिप्टचा टॅग हेडमधून उचलून बॉडीच्या शेवटी टाकतं आणि आलेख दिसायला लागतो. थोड्याच दिवसांत दुसरी तक्रार येते: ‘जतन करा’ एकदा दाबलं तरी दोन नोंदी पडतात. त्यावर आणखी एक ठिगळ लावलं की ‘मागे’ बटणाने परत आल्यावर एका ड्रॉपडाउनच्या जागी दोन दिसतात.

रेल्स ही रूबी भाषेत वेब ॲप बांधायची चौकट. रेल्स ७ आणि त्यापुढच्या ॲपमध्ये ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, कारण मुळात दोन प्रश्न एकत्र झालेले असतात. स्क्रिप्ट कोणत्या पानावर लोड करायची, हा एक प्रश्न. ती कधी आणि किती वेळा चालणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दिल्याने दुसरा सुटत नाही. पुढे लक्षणांप्रमाणे कारणं आणि उपाय दिले आहेत. मेथड, इव्हेंट, ॲट्रिब्यूट यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत लिहायची. कोलन, हायफन आणि अंडरस्कोर मात्र इथे आहेत तसेच.

## आधी नेमकं काय बिघडलंय ते पाहा

कोडला हात लावण्याआधी एकच पान चार वाटांनी उघडा. प्रायव्हेट विंडो वापरा, म्हणजे जुनी कॅश मध्ये येणार नाही.

१. पत्ता थेट टाकून.
२. दुसऱ्या पानावरून लिंकने, त्या विंडोत पहिल्यांदाच.
३. तिथून तिसऱ्याच पानावर जाऊन, पुन्हा लिंकने.
४. ब्राउझरच्या ‘मागे’ बटणाने.

फक्त पहिली वाट चालत असेल, तर स्क्रिप्ट चुकीच्या इव्हेंटची वाट बघतेय. दुसरी बिघडते पण तिसरी चालते, असं असेल तर फाइल उशिरा पोहोचतेय. तिसऱ्या वाटेवर गोष्टी दुप्पट होत असतील, तर लिसनर (इव्हेंट घडला की चालणारा कोड) साचतायत. फक्त चौथी बिघडत असेल, तर टर्बोच्या कॅशमधली प्रत नडतेय (टर्बो म्हणजे लिंक दाबल्यावर पूर्ण पान नव्याने न उघडता आतला मजकूर बदलणारी रेल्सबरोबरची लायब्ररी). पहिल्याच वाटेवर स्क्रिप्ट येत नसेल, तर टर्बोचा काही संबंध नाही. थेट खालच्या ‘कंटेंट_फॉर’च्या भागाकडे जा.

टर्बोच कारण आहे का, याची पटकन खात्री करायची तर त्या लिंकवर ‘डेटा-टर्बो’ हे ॲट्रिब्यूट ‘फॉल्स’ करून पाहा. असं केल्यावर सगळं सुरळीत झालं, तर निदान पक्कं. ते ॲट्रिब्यूट तिथेच ठेवून देऊ नका. एका लिंकचं भागेल, पण त्याच पानाकडे येणारी दुसरी लिंक, फॉर्मनंतरचं रिडायरेक्ट आणि ‘मागे’ बटण या वाटा तशाच राहतात.

नेटवर्क टॅबमध्ये पानाच्या विनंतीचा प्रकारही बघा. ‘डॉक्युमेंट’ असेल तर ब्राउझरने पूर्ण पान नव्याने उघडलं, ‘फेच’ असेल तर टर्बोने. टर्बो ८ पासून लिंकवर माउस नुसता थांबला तरी पुढचं पान आधीच मागवलं जातं, त्यामुळे न दाबलेल्या लिंकच्या विनंत्याही तिथे दिसतात. त्यावरून पान दोनदा उघडतंय असा निष्कर्ष काढू नका. आधी मागवलेल्या एचटीएमएलमधली स्क्रिप्ट लिंक दाबेपर्यंत चालत नाही.

## पहिल्या भेटीत चालतं, लिंकने नाही

लिंक दाबल्यावर टर्बो ड्राइव्ह नवं पान फेचने आणतो, जुनी बॉडी काढून नवी बसवतो आणि नव्या हेडमध्ये जे जास्तीचं आहे ते चालू हेडमध्ये मिळवतो. ‘विंडो’ आणि ‘डॉक्युमेंट’ तेच राहतात. ‘डीओएमकंटेंटलोडेड’ हा इव्हेंट एका डॉक्युमेंटच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि तो पहिल्या पानाबरोबर येऊन गेलेला असतो. नंतर त्याची वाट बघणारा कोड कायमचा बघत बसतो. त्याला चूक म्हणावं असं काही घडलेलंच नसतं, म्हणून कन्सोलही कोरा.

जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं ‘रेडी’ इथे जास्त घोळ घालतं. डॉक्युमेंट आधीच तयार असेल तर ते लगेच चालतं. म्हणून बॉडीतल्या स्क्रिप्टमध्ये ते दर वेळी चालतं आणि हेडमधल्या स्क्रिप्टमध्ये एकदाच. एकाच ॲपमधली दोन पानं वेगळी का वागतात, याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

मग ‘टर्बो:लोड’ हा इव्हेंट वापरावा असा सल्ला मिळतो. इंटरनेटवर शोधताना इव्हेंटचं नाव आधी तपासा: रेल्स ४ बरोबर २०१३ मध्ये टर्बोलिंक्स आलं तेव्हा ‘पेज:लोड’ आणि ‘पेज:चेंज’ होते, टर्बोलिंक्स ५ मध्ये ‘टर्बोलिंक्स:लोड’ झालं, आताच्या टर्बोमध्ये ‘टर्बो:लोड’ आहे. जुनं नाव उचललं तर चूक दाखवली जात नाही, फक्त काहीच होत नाही.

नाव बरोबर असलं तरी पानापुरत्या फाइलमध्ये ‘टर्बो:लोड’ पुरेसा नाही. अहवालाच्या पानाने हेडमध्ये ‘रिपोर्ट’ नावाच्या फाइलचा टॅग दिलाय आणि त्या फाइलमध्ये ‘टर्बो:लोड’चा लिसनर आहे, असं धरा. लिंकने त्या पानावर पहिल्यांदा आल्यावर टर्बो तो टॅग हेडमध्ये जोडतो. नव्या स्टाइलशीटसाठी तो थांबतो, स्क्रिप्टसाठी थांबत नाही. फाइल नेटवर्कवरून येईपर्यंत ‘टर्बो:लोड’ होऊन गेलेला असतो आणि लिसनर त्यानंतर लागतो. पुढच्या भेटीत टॅग हेडमध्ये असतोच, लिसनरही लागलेला असतो, म्हणून सगळं चालतं. ‘दुसऱ्यांदा गेलं की येतं’ ही तक्रार इथली. डेव्हलपरच्या यंत्रावर फाइल क्षणात पोहोचते म्हणून ही चूक कधी दिसते, कधी नाही. नेटवर्क टॅबमध्ये वेग कमी करून बघितलं की दर वेळी दिसते.

टॅग बॉडीत ठेवला तर टर्बो तो प्रत्येक रेंडरला पुन्हा चालवतो, पण याला एक अपवाद आहे. ‘टाइप’ मॉड्यूल असेल आणि कोड बाहेरच्या फाइलमध्ये असेल, तर ब्राउझर एका पत्त्याचं मॉड्यूल एका डॉक्युमेंटमध्ये एकदाच चालवतो. टॅग पुन्हा बसला तरी आतला कोड पुन्हा धावत नाही. जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट इम्पोर्टमॅपवर (कोणत्या नावाचं मॉड्यूल कोणत्या फाइलीत, हे ब्राउझरला सांगणारा नकाशा) आणल्यावर ‘कालपर्यंत चालत होतं’ असं होतं ते यामुळे.

## दोनदा चालतं

बॉडीतली साधी स्क्रिप्ट दर भेटीला धावते, आणि त्यात ‘डॉक्युमेंट’ किंवा ‘विंडो’वर लिसनर लावलेला असेल तर तो दर भेटीला एकाने वाढतो. बॉडी बदलली की बॉडीतल्या घटकांवरचे लिसनर त्यांच्याबरोबर जातात, ‘डॉक्युमेंट’वरचे राहतात. पाचव्या भेटीत एका क्लिकला पाच विनंत्या. ‘सेटइंटरव्हल’चंही तसंच: पान गेलं तरी टायमर चालू, आणि तो आता नसलेल्या घटकाला शोधून ‘नल’ची चूक देतो, तीही भलत्याच पानावर. चूक ज्या पानावर दिसते तिथे टायमर लावणारा कोडच नसतो, त्यामुळे शोधणारा भरकटतो.

क्रोमच्या कन्सोलमध्ये ‘गेटइव्हेंटलिसनर्स’ला ‘डॉक्युमेंट’ देऊन यादी काढा, दोन-तीनदा ये-जा करा, पुन्हा काढा. संख्या वाढत असेल तर गळती सापडली. आलेख काढायची चार्ट.जेएस लायब्ररी वापरत असाल तर याच बिघाडात ‘कॅनव्हास आधीच वापरात आहे, आधीचा चार्ट नष्ट करा’ अशा अर्थाची इंग्रजी चूक येते. एकाच कॅनव्हासवर दोनदा आलेख काढायचा प्रयत्न झाला, एवढाच तिचा अर्थ.

आता ‘मागे’ बटण. पान सोडताना टर्बो त्याची एक प्रत ठेवतो. अशा दहा पानांच्या प्रती राहतात. सिलेक्ट२ सारख्या प्लगइनने तयार केलेलं जादा एचटीएमएल त्या प्रतीत जातं, पण त्यावरचे लिसनर जात नाहीत. परत आल्यावर मेलेला ड्रॉपडाउन दिसतो, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालली की त्याच्या शेजारी जिवंत दुसरा उभा राहतो. कॅनव्हासची प्रत निघताना त्यावरचं चित्रही येत नाही, म्हणून आलेखाची जागा कोरी.

उपाय असा, की ‘टर्बो:बिफोर-कॅश’ या इव्हेंटला प्लगइनची ‘डिस्ट्रॉय’ मेथड चालवून पान मूळ अवस्थेत न्यायचं. नुसता ‘नोंद जतन झाली’ असा संदेश कॅशमधून पुन्हा दिसत असेल तर त्या घटकावर ‘डेटा-टर्बो-टेम्पररी’ लावलं की भागतं. अगदीच अडलं तर त्या पानाच्या हेडमध्ये ‘टर्बो-कॅश-कंट्रोल’ नावाचा मेटा टॅग ‘नो-कॅश’ करून ठेवा. पान परत येताना थोडं हळू येईल, पण बरोबर येईल.

## कोड पानाला बांधू नका, घटकाला बांधा

वरची सगळी लक्षणं ज्याने एकदम जातात तो उपाय स्टिम्युलस या रेल्सबरोबरच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तयार आहे. पान कसं आलं याच्याशी कोडचा संबंध ठेवायचा नाही. ‘हा घटक डॉक्युमेंटमध्ये आला’ आणि ‘हा घटक गेला’ या दोनच गोष्टींवर कोड चालवायचा. पूर्ण लोड, टर्बोची भेट, टर्बो फ्रेम (पानाचा स्वतंत्रपणे बदलणारा भाग), टर्बो स्ट्रीम (सर्व्हरने पाठवलेले पानातले छोटे बदल), कॅशमधून परत येणं, या सगळ्यांत घटक येतो आणि जातो, म्हणून कोणत्या इव्हेंटला कान द्यायचा हा प्रश्नच उरत नाही.

अहवालाच्या पानावर हे असं बसतं. व्ह्यूमध्ये (पानाच्या एचटीएमएलच्या साच्यात) कॅनव्हासभोवती एक डिव्ह, त्यावर ‘डेटा-कंट्रोलर’ला ‘रिपोर्ट’, आणि ‘डेटा-रिपोर्ट-पॉइंट्स-व्हॅल्यू’मध्ये आकड्यांचं जेसन. आकडे इनलाइन स्क्रिप्टमध्ये ग्लोबल व्हेरिएबल करून देऊ नका. हेडमधली तशी स्क्रिप्ट दर वेळी वेगळी असते, त्यामुळे टर्बो ती दर वेळी नवी समजून साठवत जातो, आणि सिक्युरिटी पॉलिसी कडक असेल तर नॉन्सचीही (इनलाइन स्क्रिप्टला परवानगी देणाऱ्या एकवेळच्या खुणेची) भानगड होते.

‘रिपोर्ट_कंट्रोलर’ फाइलमध्ये ‘व्हॅल्यूज’मध्ये ‘पॉइंट्स’ हा ॲरे म्हणून जाहीर करा. ‘कनेक्ट’ मेथड असिंक ठेवा. तिच्यात चार्ट.जेएस डायनॅमिक इम्पोर्टने मागवा, मग आलेख काढून ‘धिस.चार्ट’मध्ये ठेवा. ‘डिसकनेक्ट’मध्ये तो नष्ट करून ‘धिस.चार्ट’ला ‘नल’ द्या.

यात एक फट राहते. इम्पोर्ट पूर्ण होईपर्यंत वापरणारा दुसऱ्या पानावर गेलेला असू शकतो. तेव्हा ‘डिसकनेक्ट’ आधीच होऊन गेलेलं असतं आणि त्यानंतर आलेख काढला जातो, जो कुणीच नष्ट करत नाही. म्हणून ‘अवेट’च्या लगेच पुढच्या ओळीत ‘धिस.एलिमेंट.इजकनेक्टेड’ तपासा, खोटं असेल तर परत फिरा. ही एक ओळ बहुतेक उदाहरणांत नसते, आणि हळू नेटवर्कवर नेमकी तीच लागते.

पाडापाडीचा कोड ‘टिअरडाउन’ अशा वेगळ्या मेथडमध्ये ठेवून ‘डिसकनेक्ट’मधून बोलवा, आणि प्लगइन एचटीएमएल बदलणारा असेल तर ‘डेटा-ॲक्शन’ने ‘टर्बो:बिफोर-कॅश@डॉक्युमेंट’लाही जोडा. ती दोनदा चालू शकते, म्हणून आधी ‘धिस.चार्ट आहे का’ हे बघूनच पाडा. कॅशमधली झलक दाखवून मग ताजं पान येतं तेव्हा ‘कनेक्ट’ही दोनदा होतं. तो बिघाड नाही. झलकेच्या वेळी काम टाळायचं असेल तर एचटीएमएल टॅगवर ‘डेटा-टर्बो-प्रिव्ह्यू’ आहे का ते बघता येतं.

वजनदार लायब्ररी गरजेपुरतीच उतरावी यासाठी इम्पोर्टमॅपमध्ये तिच्या पिनला (नोंदीला) ‘प्रीलोड: फॉल्स’ द्या, म्हणजे ती आधीच उतरवली जाणार नाही. इम्पोर्टमॅप-रेल्स २ मध्ये प्रीलोड आपोआप चालू असतं. ते बंद केलं नाही तर डायनॅमिक इम्पोर्ट लिहूनही लॉगिनच्या पानावर आलेखाची लायब्ररी उतरते. तुमचे स्वतःचे कंट्रोलर बरेच असतील तर कंट्रोलर्सच्या ‘इंडेक्स’ फाइलमध्ये ‘ईगरलोडकंट्रोलर्सफ्रॉम’च्या जागी ‘लेझीलोडकंट्रोलर्सफ्रॉम’ वापरा. ज्याचं नाव पानावर दिसेल तेवढीच फाइल येते.

## फॉर्ममध्ये चूक झाली की स्क्रिप्ट गायब

बरेच जण बॉडीवर ‘कंट्रोलर_नेम’ आणि ‘ॲक्शन_नेम’ लिहितात आणि ‘ऑर्डर्स-न्यू’ असेल तर अमुक चालव, असा कोड ठेवतात. फॉर्म रिकामा पाठवून बघा. व्हॅलिडेशन फसलं की ‘क्रिएट’ ॲक्शन ‘न्यू’चा टेम्प्लेट रेंडर करतो. समोर तोच फॉर्म असतो, पण ‘ॲक्शन_नेम’ आता ‘क्रिएट’ असतं, म्हणून तारखेचा पिकर लागत नाही. ‘एडिट’ आणि ‘अपडेट’चंही हेच. नावांच्या जोड्या लावून हे झाकता येतं, पण कोड घटकाला बांधला असेल तर झाकायला काही उरत नाही.

इथेच दुसरी चूक लपते. फसलेल्या फॉर्मचं उत्तर ४२२ या स्टेटसने द्यावं लागतं. २०० ने दिलं तर टर्बो ते दाखवत नाही आणि कन्सोलमध्ये ‘फॉर्मच्या उत्तराने रिडायरेक्ट केलं पाहिजे’ अशी इंग्रजी ओळ येते. पान हललंच नाही म्हणून लोक स्क्रिप्ट तपासत बसतात, आणि दोष रेंडरच्या ओळीत असतो.

## ‘कंटेंट_फॉर’ लिहिलंय, तरी टॅग हेडमध्ये नाही

व्ह्यूमध्ये ‘कंटेंट_फॉर :हेड’ आणि लेआउटमध्ये (सगळ्या पानांच्या सामाईक चौकटीत) ‘यील्ड :हेड’ ही जोडी पानापुरते टॅग द्यायची सरळ वाट आहे. ती फसते तेव्हा शांतपणे फसते.

लेआउटमध्ये ‘यील्ड :हेड’ नसेल तर सगळं गोळा होतं आणि टाकून दिलं जातं. ॲपमध्ये प्रशासनाचा वेगळा लेआउट असेल तर त्यातही ती ओळ हवी. बहुतेक वेळा तिथेच राहिलेली असते.

रेल्स आधी व्ह्यू रेंडर करतो, मग लेआउट. म्हणून व्ह्यूमधलं ‘कंटेंट_फॉर’ लेआउटच्या हेडमध्ये वेळेवर पोहोचतं. पण साइडबारसारखी पार्शल (साच्याचा वेगळा काढलेला तुकडा) लेआउटमधूनच रेंडर होत असेल, तर ती चालेपर्यंत हेड लिहून झालेलं असतं. तिच्यातलं ‘कंटेंट_फॉर’ कुठेही दिसणार नाही.

सगळ्यांत फसवा प्रकार कॅशचा. ‘कॅश’ ब्लॉकच्या आत ‘कंटेंट_फॉर’ असेल तर पहिल्या विनंतीला टॅग येतो. पुढच्या वेळी तयार तुकडा उचलला जातो, ब्लॉक चालतच नाही आणि टॅग येत नाही. डेव्हलपमेंटमध्ये कॅशिंग सहसा बंद असतं, म्हणून हे थेट प्रॉडक्शनवर उघडकीला येतं. लोकल यंत्रावर पाहायचं तर ‘रेल्स डेव्ह:कॅश’ ही आज्ञा चालवून कॅशिंग सुरू करा आणि पान दोनदा उघडा. ‘कंटेंट_फॉर’ ब्लॉकच्या बाहेर काढणं एवढाच उपाय.

यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी रेंडर होणाऱ्या पार्शलमध्ये ‘कंटेंट_फॉर’ असेल तर टॅग तितक्या वेळा जोडला जातो, कारण ते आधीच्या मजकुराला पुढे चिकटवत जातं. तो टॅग यादीच्या वरच्या व्ह्यूमध्ये न्या.

टर्बो फ्रेमच्या आत उघडणाऱ्या पानाचं हेड कुणी वाचतच नाही. उत्तरातून जुळणारी फ्रेम तेवढी काढली जाते, बाकी सोडून दिलं जातं. ‘टर्बो:लोड’ही येत नाही, ‘टर्बो:फ्रेम-लोड’ येतो. फ्रेममध्ये दिसणाऱ्या गोष्टीला लागणारी स्टाइलशीट फ्रेम ज्या मूळ पानात बसली आहे त्या पानानेच आणली पाहिजे.

इम्पोर्टमॅप असेल तर पानापुरतं मॉड्यूल ‘जावास्क्रिप्ट_इम्पोर्ट_मॉड्यूल_टॅग’ने द्या, आणि ‘यील्ड :हेड’ ही ओळ ‘जावास्क्रिप्ट_इम्पोर्टमॅप_टॅग्ज’च्या खाली ठेवा. नकाशा वाचला जाण्याआधी मॉड्यूल आलं तर त्याला फाइलचं नाव उलगडत नाही. रेल्सच्या तयार लेआउटमध्ये ‘यील्ड :हेड’ वर असतं, तेव्हा हा क्रम स्वतः बदलावा लागतो.

## एका पानाचं सीएसएस दुसऱ्या पानावर

यात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘ऑर्डर्स.सीएसएस’ नावाची फाइल आहे म्हणून ती ऑर्डर्सच्या पानापुरती लागते, असं नसतं. रेल्स ३.१ ने २०११ मध्ये ॲसेट पाइपलाइन (सीएसएस, जावास्क्रिप्ट अशा फाइली तयार करून पुरवणारी यंत्रणा) आणली. ती चालवणाऱ्या स्प्रॉकेट्समध्ये ‘ॲप्लिकेशन.सीएसएस’मधली ‘रिक्वायर_ट्री’ची ओळ खालच्या सगळ्या फाइली, उपफोल्डरसकट, एकात ओढते. रेल्स ८ मध्ये स्प्रॉकेट्सच्या जागी प्रॉपशाफ्ट आहे, तिथे लेआउटमधलं ‘स्टाइलशीट_लिंक_टॅग :ॲप’ हे ‘ॲप/ॲसेट्स’खालच्या प्रत्येक सीएसएस फाइलचा टॅग काढतं. फाइल वेगळी केली, व्ह्यूमध्ये तिचा टॅग दिला, तरी ती सगळीकडे आहेच, आणि त्या पानावर दोनदा.

स्प्रॉकेट्समध्ये ‘रिक्वायर_ट्री’ काढून हव्या त्या फाइली नावाने ‘रिक्वायर’ करा. प्रॉपशाफ्टमध्ये ‘:ॲप’ काढून सगळीकडे लागणाऱ्या फाइलींची नावं एकेक लिहा. पानापुरत्या फाइली मग ‘कंटेंट_फॉर’ने.

इतकं करूनही टर्बोमध्ये गळती राहते. अहवालावरून ग्राहकांच्या यादीवर गेलं तरी अहवालाची स्टाइलशीट हेडमधून निघत नाही. टर्बो नव्या स्टाइलशीट जोडतो, जुन्या आपणहून काढत नाही. त्यामुळे यादीचं पान तुम्ही कुठून आलात त्यावर वेगळं दिसतं. तक्रार करणाऱ्याला तक्ता बारीक दिसतो, तुम्ही रिफ्रेश करून बघता तर तो ठीक असतो. टर्बो ८ मध्ये यावर नेमका उपाय आहे: त्या लिंक टॅगवर ‘डेटा-टर्बो-ट्रॅक’ला ‘डायनॅमिक’ द्या. पुढच्या पानाच्या हेडमध्ये ती स्टाइलशीट नसेल तर टर्बो ती काढून टाकतो. स्क्रिप्टसाठी असा उपाय शोधू नका. स्क्रिप्टचा टॅग काढला म्हणून तिने केलेलं काम परत फिरत नाही.

क्रमाचाही प्रश्न आहे. दोन नियमांचं वजन सारखं असेल तर नंतर आलेली फाइल जिंकते, आणि टर्बोमध्ये कोण नंतर आलं हे भेटींच्या क्रमावर ठरतं. मुख्य स्टाइलशीटच्या पहिल्याच ओळीत ‘लेयर’च्या नियमाने पाया, घटक आणि पान असे तीन थर याच क्रमाने जाहीर करा, आणि पानापुरतं सीएसएस ‘पान’ थरात गुंडाळा. मग फाइल कधीही येवो, थरांचा क्रम बदलत नाही. थराबाहेरचं सीएसएस मात्र सगळ्या थरांना हरवतं, म्हणून बाहेरून आणलेली लायब्ररीही एखाद्या थरात घाला. २०२२ पासून सगळे मुख्य ब्राउझर हे समजतात.

खरं तर बहुतेक ॲपना पानापुरत्या सीएसएस फाइलींची गरजच नसते. कॉम्प्रेस करून पन्नास किलोबाइटच्या आत बसणारं सीएसएस एकाच फाइलीत ठेवा. ब्राउझर ती एकदा उतरवतो आणि नंतर कॅशमधून घेतो. पानाचे नियम त्या पानाच्या सगळ्यांत बाहेरच्या डिव्हच्या क्लासखाली लिहा. तो क्लास बॉडीबरोबर येतो आणि जातो, त्यामुळे गळतीचा प्रश्नच येत नाही. वेगळी फाइल ठेवायची ती प्रिंटचं मोठं सीएसएस, नकाशा, मजकुराचा संपादक अशा वजनदार गोष्टींसाठी.

## प्रत्येक लिंकला पूर्ण पान लोड होतंय

कधीकधी तक्रार उलटी असते: टर्बो असूनही दर लिंकला पान पांढरं होऊन येतं. मुख्य लेआउटमधला टॅग तसाच उचलून व्ह्यूमध्ये चिकटवताना ‘डेटा-टर्बो-ट्रॅक’चं ‘रीलोड’ही बरोबर आलेलं असतं. टर्बो दोन्ही पानांच्या हेडमधले असे टॅग जुळवून बघतो. संच वेगळा निघाला तर नवी आवृत्ती चढवली गेली असं समजून पूर्ण लोड करतो. हे ॲट्रिब्यूट सगळ्या पानांवर असणाऱ्या फाइलींसाठीच आहे. पानापुरत्या टॅगवरून ते काढा.

काढण्याआधी एवढं लक्षात घ्या, की त्या पूर्ण लोडमुळेच ‘डीओएमकंटेंटलोडेड’वाला कोड आजवर चालत आलेला असेल. ॲट्रिब्यूट काढलं की वरची सगळी लक्षणं एकदम बाहेर येतील. आधी कोड स्टिम्युलसमध्ये हलवा, मग ॲट्रिब्यूट काढा.

प्रशासनाचा भाग आणि ग्राहकांचा भाग यांच्या फाइली पूर्ण वेगळ्या असतील, तर दोन्हींच्या मध्ये पूर्ण लोड होणं चांगलंच. तिथे हेच ॲट्रिब्यूट मुद्दाम ठेवा.

## लोकलला ठीक, प्रॉडक्शनवर नाही

स्प्रॉकेट्स ४ मध्ये वेगळी फाइल ‘ॲप/ॲसेट्स/कॉन्फिग/मॅनिफेस्ट.जेएस’मध्ये ‘लिंक’ने नोंदवावी लागते, नाहीतर ‘प्रीकंपाइलसाठी जाहीर केलेली नाही’ अशी चूक येते (प्रीकंपाइल म्हणजे फाइली आधीच तयार करून ठेवणं). ‘लिंक_डिरेक्टरी’ उपफोल्डरमध्ये शिरत नाही. म्हणून ‘पेजेस’ असा फोल्डर केला की त्यातल्या फाइली वेगळ्या नोंदवा.

इम्पोर्टमॅपमध्ये ‘./’ने सुरू होणारा सापेक्ष इम्पोर्ट लोकलला कधी चालून जातो, प्रॉडक्शनवर फाइलच्या नावात डायजेस्ट (मजकुरावरून काढलेली खूण) येतो आणि ४०४ मिळतो. पिन केलेलं पूर्ण नाव वापरा.

ईएसबिल्ड या बंडलरमध्ये (अनेक फाइली एकात बांधणाऱ्या साधनात) ‘ॲप/जावास्क्रिप्ट’च्या वरच्या पातळीवरची प्रत्येक फाइल स्वतंत्र बंडल होते, आणि प्रत्येक बंडलमध्ये तिच्या लायब्ररींची स्वतःची प्रत जाते. ‘ॲप्लिकेशन’ आणि ‘रिपोर्ट’ दोन्हींनी स्टिम्युलस सुरू केलं तर एकाच घटकावर ‘कनेक्ट’ दोनदा होतं, आणि लिसनर शोधूनही कारण सापडत नाही. स्टिम्युलस आणि टर्बो फक्त ‘ॲप्लिकेशन’मध्ये इम्पोर्ट करा. सामाईक भाग वेगळा काढायचा तर ‘--स्प्लिटिंग’ वापरा. ते ईएसएम फॉरमॅटलाच चालतं आणि टॅगवर मॉड्यूल टाइप लागतो. प्रॉपशाफ्टबरोबर वापरताना ‘--चंक-नेम्स’ला ‘[नेम]-[हॅश].डायजेस्टेड’ असा साचा द्या. हा शेवट दिसला की प्रॉपशाफ्ट नावात पुन्हा डायजेस्ट घालत नाही. साचा दिला नाही तर तुकड्यांची नावं बदलतात, बंडलच्या आतला उल्लेख जुनाच राहतो आणि प्रॉडक्शनवर ४०४ येतात.

सीएसएस बदललं तरी लोकलला काहीच बदलत नसेल, तर ‘पब्लिक/ॲसेट्स’ फोल्डर उघडून बघा. कुणीतरी लोकल यंत्रावर प्रीकंपाइल चालवलेलं असतं आणि रेल्स त्या जुन्या फाइली देत राहतो. ‘रेल्स ॲसेट्स:क्लॉबर’ चालवा, बंडलर असेल तर बिल्ड पुन्हा करा, सर्व्हर बंद करून सुरू करा, आणि वरच्या चार वाटा पुन्हा एकदा तपासा.